चाकाखालचा चेहरा

मित्रांनो, माझ्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचायचे असेल, तर तुम्हाला आधी आरसा आणावा लागेल. माझी सगळी अक्षरे उलटी आहेत. असे का, हे मला पुष्कळ दिवस कळले नव्हते. मला वाटायचे, माणसे अशीच लिहीत असतील. मी आहे तांब्याचा पत्रा. वय साडेतीनशे वर्षांहून जास्त. माझ्यावर शाई चढवून, वरून ओलसर कागद दाबून चित्रे छापत असत. कागदावर उतरली की अक्षरे सुलटी होत. पण कागद उचलून माणसे निघून जात आणि मी तसाच मागे राही.

माझा जन्म फ्रान्सच्या उत्तरेला, कालव्यांच्या देशात, हार्लेम शहरातल्या एका तांबटाकडे झाला. त्याने मला तापवले, बडवले, पुन्हा तापवले, पुन्हा बडवले. मग दगडाने, कोळशाने आणि तेलाने मला इतके गुळगुळीत केले की त्याच्या बायकोने माझ्यात पाहून आपली टोपी सारखी केली. तिथून मी कालव्यातून नावेने निघालो. काठावरून घोडा नाव ओढत होता. अर्ध्या दिवसाने एक लहानसे गाव लागले. तिथे वाउटर मास्तर राहत. तांब्यावर चित्रे कोरणारा त्यांच्यासारखा कारागीर त्या भागात दुसरा नव्हता, असे गाव म्हणे.

घरात आल्यावर मला खरी गोष्ट समजली. मास्तरांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. कोरणी चालवत होती ती त्यांची मुलगी माइके. तिशीची, बोटांवर कायम शाईचे डाग, बोलायला फटकळ. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ती मला ठेवी आणि कोरणी जागच्या जागी धरून मलाच हळूहळू फिरवी. मास्तर शेजारी बसून सूचना देत. घराबाहेर कोणाला याचा पत्ता नव्हता.

मला आणले होते एका मोठ्या कामासाठी. एक दिवस नगरसभेचे चिटणीस हाउबर्ट आमच्याकडे आले. गोल पोट, पांढरीशुभ्र कॉलर आणि कोणाहीपुढे लवायला तयार असलेली मान.

"मास्तर, नगराध्यक्षांचं चित्र हवंय," ते म्हणाले. "नुसतं तोंड नको. गावाला त्यांचं मोठेपण कळलं पाहिजे. रथात बसवा त्यांना!"

"रथात?" मास्तर म्हणाले. "आपल्याकडे तर सगळे नावेने फिरतात."

"अहो, चित्रात! रथाला सिंह जुंपा. एका बाजूला न्याय, एका बाजूला शहाणपण. वर कीर्ती तुतारी फुंकतेय. आणि चाकाखाली हेवा चिरडला जातोय."

"हेवा कोणाचा?"

"कोणाचाही. चाकाखाली काहीतरी लागतंच ना."

आमचे नगराध्यक्ष होते रूलोफ फान आस्पेरेन. माणूस गर्विष्ठ होता. आपल्या मेव्हण्यांना आणि भाच्यांना त्याने नगरसभेत बसवले होते. पण तीन वर्षांपूर्वी समुद्राच्या बाजूचा बांध फुटला, तेव्हा हाच माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून माती ओढत होता, हेही लोक सांगत. तो चित्रासाठी आमच्या खिडकीपाशी येऊन बसला. माइके कागदावर त्याचे रेखाटन करू लागली. रूलोफला वाटले, ती बापासाठी कच्चे काम करते आहे.

"हनुवटी एकच दाखव," तो म्हणाला.

"आहेत किती?" माइकेने मान वर न करता विचारले.

मास्तर खोकले. रूलोफ स्वतःच हसला. "दोन आहेत," तो म्हणाला. "बायको म्हणते, तीन."

मग माझ्यावर काम सुरू झाले. कोरणीची पहिली रेघ अंगात शिरली, तेव्हा तांब्याची बारीक तार वळत वळत बाहेर पडली. आधी सिंह आले, मग चाके, मग बायका. बायकांचे मला फार नवल वाटे. एकीच्या हातात तराजू, दुसरीच्या हाताला साप गुंडाळलेला, तिसरी शिंगातून फळे ओतते आहे. त्या या गावात कुठे राहतात, हे मला समजेना. माइकेलाही तसाच प्रश्न पडला असावा.

"बाबा, न्याय बाई, शहाणपण बाई, भरभराट बाई, कीर्तीसुद्धा बाई," ती म्हणाली. "आणि नगरसभेत एकही बाई नाही."

"चाकाखालचा हेवाही म्हातारी बाईच आहे," मास्तर म्हणाले. "तक्रार करू नकोस. सगळ्या जागा तुम्हालाच दिल्यात."

"गाडीतली सोडून."

मास्तर हसले. हसताना त्यांचा हात जास्तच थरथरे, म्हणून ते तो मांडीखाली दाबून धरीत.

पाच महिन्यांनी मी पूर्ण झालो. छापखान्यात माझ्यावर शाई चोळली, तळहाताने पुसली, ओला कागद पसरला आणि दोन लाकडी रुळांमधून मला ओढून काढले. दीडशे प्रती निघाल्या. एक नगरभवनात लागली, एक शाळेत लागली, तीन खानावळींत लागल्या. हाउबर्ट चिटणिसांनी एक आपल्या दिवाणखान्यात शेगडीच्या वर लावली आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तिच्यापुढे उभे करू लागले. लोक आमच्या दुकानाशी थांबून म्हणत, "मास्तर, रूलोफसाहेब अगदी बोलतील असं वाटतं!" मास्तर टोपीला हात लावीत. माइके आत शाई खलत असे.

मला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले. तिथे मी चार वर्षे सुखाने पडून राहिलो.

मग सोळाशे बाहत्तर साल उजाडले. आमच्याकडे अजूनही त्याला आपत्तीचे साल म्हणतात. फ्रान्सचे सैन्य चालून आले. त्याला अडवायला आपल्याच लोकांनी आपलेच बांध फोडले आणि शेते पाण्याखाली घातली. गायींचे तांडे गावातून जाऊ लागले. पाव मिळेना. आणि अशा वेळी माणसे जे करतात तेच आमच्या गावाने केले. हे कोणामुळे झाले, याचा शोध सुरू झाला. कोणी म्हणाले, रूलोफने गावाच्या किल्ल्या शत्रूला द्यायचे कबूल केले होते. कोणी पाहिले होते? कोणीच नाही. पण एका रविवारी प्रार्थनेनंतर जमाव त्याच्या घरावर गेला. खिडक्या फोडल्या, पलंग कालव्यात टाकला. रूलोफ बायकोला घेऊन मागच्या दाराने नावेत बसला आणि गेला.

पुलावरच्या पुस्तकवाल्याने माझी एक प्रत अजून खिडकीत ठेवली होती. विसरला बिचारा. लोकांनी त्याला कॉलरला धरून कालव्यात बुचकळले. त्या दिवशी गावातल्या सगळ्या शेगड्या चांगल्या पेटल्या असे माइके म्हणाली. दीडशे प्रती कुठे गेल्या ते विचारायची गरज उरली नाही.

देशाची सूत्रे सैन्याचा सेनापती असलेल्या तरुण राजपुत्राच्या हाती गेली आणि त्याच्या बाजूचे लोक गावाच्या कारभारात आले. नवे नगराध्यक्ष झाले टिमान बोस, दोरखंडाचे व्यापारी. आणि आठवडाभराने आमच्या दारात कोण उभे? तेच हाउबर्ट चिटणीस. कॉलर तितकीच शुभ्र. फक्त टोपीला राजपुत्राच्या पक्षाची नारिंगी फीत नवी.

"मास्तर, टिमानसाहेबांचं चित्र हवंय. रथात बसलेलं."

"नवा पत्रा लागेल," मास्तर म्हणाले.

"कशाला? रथ आहे, सिंह आहेत. तेवढं तोंड बदला." चिटणिसांनी आवाज उतरवला. "आणि आणखी एक. चाकाखाली तो हेवा आहे ना? त्याला रूलोफचं तोंड द्या. डोक्यावर साप, तोंडात स्वतःचंच काळीज. लोकांना आवडेल."

बाहेर कोणीतरी हेरिंग मासे विकत ओरडत गेले.

"हे गावाचं काम आहे, मास्तर," चिटणीस म्हणाले. "तुम्ही रूलोफचं चित्र काढलं होतं, हे लोक विसरलेले नाहीत. मी विसरवीन. पण तुम्हीही थोडं पुढं यायला हवं."

मास्तर मोठ्या पेटीवर बसले होते. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. माइकेने मात्र मला फळीवरून काढले आणि फडके सोडले. कोरणी आता तिच्या हातात असते, हे एव्हाना गावाला कळले होते.

"साहेब, बसा," ती म्हणाली. "पहिलं काम आत्ताच करू. तुमच्या डोळ्यांदेखत."

तिने पट्टीने माझी पाठ मोजली, रूलोफचा चेहरा नेमका कुठे येतो तिथे खूण केली, मला ऐरणीवर पालथे घातले आणि हातोडी उचलली. मित्रांनो, मला दुखत नाही. पण जे अंगावर पाच महिने बसून कोरले, ते मागून ठोकून वर आणतात आणि समोरून खरवडतात, तेव्हा काय होते ते मला ठाऊक आहे. डोळे गेले, नाक गेले, ती एकुलती एक ठेवलेली हनुवटी गेली. तिथे नखाएवढा चकचकीत ठिपका उरला. कोट, हात, गुडघे तसेच.

"वा!" चिटणीस म्हणाले. "वा, पोरी! साफ गेला."

"साफ गेला," माइके म्हणाली. "आता हेव्यासाठी त्यांचं चित्र आणून द्या."

"कोणाचं?"

"रूलोफचं. बघून कोरायला नको? माझ्याकडे इथे होतं; ते तर तुमच्यासमोरच पुसलं."

चिटणीस मास्तरांकडे वळले. "मूळ रेखाटन असेल ना तुमच्याकडे?"

रेखाटन मास्तर ज्या पेटीवर बसले होते त्याच पेटीत होते. मला माहीत होते, माइकेला माहीत होते. मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले. हा म्हातारा जन्मभर प्रत्येक नगरसभेला हो म्हणत आला होता. मला वाटले, आता उठतील.

"जाळलं," मास्तर म्हणाले. "सगळ्यांनी जाळलं, तसं आम्हीही जाळलं. ठेवायचं होतं का, साहेब?"

"नाही, नाही! जाळलंत ते उत्तम." चिटणिसांनी घाम पुसला. "गावात मिळेल कुठेतरी. शुक्रवारी घेऊन येतो."

ते गेल्यावर मास्तर उठले. पेटी उघडून रेखाटन काढले, थोडा वेळ हातात धरून पाहिले.

"उत्तम काढलं होतंस," ते म्हणाले. "पण पोरी, एवढा धोका कशाला? तो काही आपला सोयरा नव्हता."

"नव्हता," माइके म्हणाली. "गर्विष्ठ होता. भाच्यांचं भलं केलं. पण शत्रूला किल्ल्या दिल्याचं कोणी पाहिलं नाही. खुर्चीत कोण बसतो ते गाव ठरवील, बाबा. तिथे मी सांगाल ते तोंड काढते. पण मी चाकाखाली एखादा माणूस घातला, की त्याच्या नातवंडांनासुद्धा तो तिथंच दिसणार. ते माझ्या हातून नाही व्हायचं."

शेगडीचे झाकण मास्तरांनी स्वतः उचलले आणि रेखाटन आत सोडले. कागद जळेपर्यंत ते तिथेच उभे होते. त्यांचा हात त्या वेळी थरथरत नव्हता. पण त्याचे कारण मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी चिटणीस आले ते रिकाम्या हातांनी आणि रागाने लाल होऊन.

"एकाच्याही घरात नाही! शाळामास्तर म्हणतो, आमच्याकडे कधी नव्हतंच. खानावळवाला म्हणतो, मला चित्रांतलं कळत नाही. दीडशे प्रती काय उंदरांनी खाल्ल्या?"

"तुमच्या दिवाणखान्यात होती ना एक?" माइकेने विचारले. "शेगडीच्या वर?"

"माझ्या?" चिटणिसांनी मागे वळून दार लागले आहे का ते पाहिले. "तो... तो नकाशा होता."

"असेल. मीच चुकीचं पाहिलं."

"आठवणीतून कोर. तू पाहिलंयस त्याला."

"कोरते की," माइके म्हणाली. "पण आठवणीचा काय भरवसा, साहेब? आता समोर तुम्हीच बसलाय. काम करता करता हेव्याला तुमचं नाक आलं, गोल गाल आले, तर मला बोल लावू नका. छापून झाल्यावर मग दीडशे घरांतून परत गोळा करावं लागेल."

चिटणिसांनी नकळत आपल्या नाकाला हात लावला. पुष्कळ वेळ ते चाकाखालच्या त्या म्हातारीकडे पाहत राहिले.

"राहू दे," ते शेवटी म्हणाले. "हेवा आहे तसा बरा आहे."

टिमान बोसचा चेहरा माझ्यावर बसला. त्याला दाढी होती. ती सोपी गेली. पुन्हा दीडशे प्रती निघाल्या, आणि त्याच भिंतींवरच्या त्याच खिळ्यांना लागल्या. चिटणिसांचा नकाशाही बदलला.

चार वर्षांनी, फ्रान्सचे सैन्य मागे हटल्यावर, एक वाळलेला म्हातारा काठी टेकत आमच्या दुकानात आला. मास्तर त्या आधीच्या हिवाळ्यात वारले होते. म्हाताऱ्याने टोपी काढली नाही. भिंतीवर माझी प्रत होती, तिच्याजवळ जाऊन त्याने खिशातून भिंग काढले. रथाकडे पाहिले नाही. थेट खाली चाकाशी वाकला. इतका वाकला की माइके पुढे झाली.

"काय शोधताय, काका?"

"मला," तो म्हणाला.

तेव्हा तिने ओळखले. रूलोफच्या त्या हनुवट्यांपैकी आता एकही उरली नव्हती.

"मला उट्रेख्ट शहरात कळलं होतं," तो म्हणाला. "गावाने मला चाकाखाली घातलंय म्हणून. चार वर्षं या चित्राच्या भीतीने गावात पाऊल टाकलं नाही. बायको गेली, तरी तिला इथं आणून पुरलं नाही." त्याने भिंग पुसून पुन्हा पाहिले. "ही तर कोणीतरी म्हातारी आहे."

"तुमचं चित्र गावात कोणाकडे मिळालं नाही," माइके म्हणाली.

"एकही?"

"एकही."

हे ऐकून त्याला बरे वाटले की वाईट, हे मला कळले नाही. कदाचित दोन्ही. तो बाकावर बसला. माइकेने त्याला ताकाचा पेला दिला. तो पिऊन त्याने पहिल्यांदाच वर, रथाकडे पाहिले.

"टिमानला माझा कोट चांगला बसलाय," तो म्हणाला. "आणि हात माझेच आहेत. हे बघ, ही अंगठी."

दोघे हसले. मग त्याने हसता हसता टोपी तोंडावर ओढली. माइके कामाला लागली. जाताना तो म्हणाला, "वाउटर मास्तरांचे आभार मानायचे राहिले."

"बाबांनी त्या दिवशी माझ्यासाठी खोटं सांगितलं," माइके म्हणाली. "आभार तेवढ्याचे माना. बाकी कोरणी माझी होती. पहिल्या रेघेपासून."

रूलोफने तेव्हा टोपी काढली.

नंतरही नगराध्यक्ष बदलले. तिसरे तोंड आले. चौथ्याची वेळ आली तेव्हा माइकेचे केस पिकले होते. तिने मला नेहमीसारखे पालथे घातले आणि हातोडी मारली. आणि इतक्या वेळा खरवडून पातळ झालेला तो ठिपका फुटला. रथात बसलेल्या माणसाच्या मानेच्या वर आरपार भोक पडले. माइके आधी शिवी हासडून मोकळी झाली. मग तिला काय वाटले कोण जाणे; तिने मला शाई लावली आणि तसाच छापला.

कागदावर सिंह आले, तराजू आला, तुतारी आली. रथात भरजरी कोट ताठ बसला होता आणि चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. तिने ते चित्र खिडकीत लावले. बाजाराचा दिवस होता. माणसे थांबू लागली. "कोण आहे हा?" "कोण येणार आहे?" प्रत्येक जण दुसऱ्याला विचारी आणि दोघेही हसत. नगरभवनातून शिपाई आला, हे कोणाचा अपमान करते आहे ते लिहून न्यायला. पुष्कळ वेळ उभा राहिला आणि कोरा कागद घेऊन परत गेला. एक मासेवाली डोक्यावरची टोपली सांभाळत म्हणाली, "बरं दिसतंय की! गाडी तशीही सिंहच ओढताहेत."

त्यानंतर माझ्यावर कोणी छापले नाही. चौथ्या साहेबांनी नवा पत्रा करवून घेतला. माइकेने मला मोडीत घातले नाही. पण तिच्यामागे मी एका माळ्यावर गेलो, मग दुसऱ्या माळ्यावर. एका घरात गळक्या पिंपाखाली होतो, एका घरात चुलीमागे धग अडवायला. माझ्यासारखे कितीतरी पत्रे वितळून त्यांची पातेली झाली. त्यांच्यावर कोणते राजे, कोणते सिंह होते, हे आता कोणाला सांगता येणार नाही. मला अजून त्यांच्याविषयी कुतूहल वाटते. त्यांच्या चाकांखाली कोण होते?

मित्रांनो, तुमच्या गावातही चौकात मोठ्या माणसांची चित्रे लागत असतील. जरूर पाहा. ती कोणी काढली, कोणाच्या सांगण्यावरून काढली, विचारा. आणि एखाद्या अडगळीत माझ्यासारखा काळाहिरवा पडलेला पत्रा सापडला, तर भंगारात टाकू नका. मऊ फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, कोरड्या जागी ठेवा. फक्त एवढे करा, लखलखीत करण्याच्या हौसेने खरवडू नका. आमच्यात आता खरवडण्याजोगे फारसे उरलेले नाही.